एक ग्रेन राळ

1838 चा नोव्हेंबर महिना. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात संधिवाताच्या तीन रोग्यांना दुपारी दोन वाजता गांजाची राळ देण्यात आली. प्रत्येकाला एक ग्रेन, म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, स्पिरिटात विरघळवून. चारच्या सुमारास एक जण बडबडू लागला, गाऊ लागला, खायला मागू लागला. रात्री आठला तो निपचित पडला होता. नाडी नीट, श्वासही नीट. पण हात वर उचलून सोडला की तसाच अधांतरी राही. दुसऱ्याचीही थोड्या वेळाने तीच गत झाली. तिसऱ्याला मात्र काहीच झालं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तो चिलीम ओढणारा होता.

फार्मसीच्या मुलांना शिकवताना हा प्रसंग मी आवर्जून सांगत असे. माप एकच, पण तीन माणसांत ते सारखं लागू पडलं नाही. गांजापासून वेदनेवर औषध करू पाहणाऱ्या प्रत्येकाला पुढे हीच अडचण आली.

प्रयोग करणारा डॉक्टर विल्यम ओशॉनेसी मूळचा आयर्लंडमधल्या लिमरिकचा, तेव्हा जेमतेम तिशीचा. त्याच्या कामाची शिस्त मला फार मोलाची वाटते. एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारख्या जाणत्यांना विचारून त्याने जुन्या ग्रंथांतले उल्लेख गोळा केले. मग जनावरांवर प्रयोग केले. एका कुत्र्याला नेपाळी चरसाचे दहा ग्रेन दिले. आणि त्यानंतरच माणसांना औषध दिलं. ते दोन रोगी शुद्धीवर आले, त्यांचं दुखणंही उतरलं, तरी त्याने पुढे मात्रा कमीच केली.

1841 मध्ये तो विलायतेला गेला तेव्हा गांजाचा माल सोबत नेला. लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क आणि टिंक्चर बनवलं. पण कलकत्त्यात जी मात्रा पुरत होती, तिच्या कितीतरी पट तिथे द्यावी लागे. पीक वेगळं, राळ कमी-जास्त, त्यात बोटीवरचा लांबचा प्रवास. मापून द्यायचं तरी काय? राणी व्हिक्टोरियाचे वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी तीसेक वर्षं हे औषध वापरलं. मज्जातंतूंच्या दुखण्यावर ते त्यांना फार गुणकारी वाटे, तरी 1890 मध्ये त्यांनी लिहिलं की, अर्काची ताकद सारखी नसते, म्हणून अगदी थोड्यापासून सुरुवात करावी.

अशा दुखण्याचं एक रूप मी घरातच पाहिलं आहे. नागीण बरी होऊन वर्ष उलटलं तरी माझ्या थोरल्या जावेला बरगडीवर लुगड्याचा पदर सोसत नसे. अशा माणसाला "अंदाजाने घ्या" असं सांगवत नाही.

रेनॉल्ड्स हे लिहीत होते तोवर मॉर्फिनने बाजी मारली होती. ते पाण्यात विरघळतं, सुईने टोचता येतं, मिनिटांत उतार पडतो. गांजाची राळ पाण्यात विरघळतच नाही. अॅस्पिरिनही आलं. 1932 मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून गांजा गेला. नशेचा बोलबाला त्याला कारण होताच, पण मला वाटतं, औषध म्हणून तो त्याआधीच मागे पडला होता, आणि तो या मापापायी.

राळेतलं मुख्य द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात हाती येऊन त्याची रचना कळायला 1964 उजाडलं. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी पकडलेल्या चरसातून ते वेगळं केलं. त्यानंतर ब्रिटनमधल्या एका कंपनीने ठरावीक वाणांची झाडं बंदिस्त जागेत वाढवून तोंडात मारायचा फवारा केला, सॅटिव्हेक्स. एका फवाऱ्यात टीएचसी 2.7 मिलिग्रॅम आणि गांजातलंच दुसरं द्रव्य, सीबीडी, 2.5. कॅनडाने 2005 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी त्याला सशर्त परवानगी दिली. ब्रिटनने 2010 मध्ये दिली ती मात्र त्याच आजारात स्नायू ताठरतात तेवढ्यापुरती.

मापाचं कोडं सुटलं. गुण मात्र अजून सिद्ध करायचा आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2019 मध्ये डॉक्टरांना सांगितलं की, प्रौढांच्या जुनाट वेदनेवर टीएचसीची औषधं देऊ नयेत. होणारा फायदा थोडा, खर्च मोठा. हा निर्णय मला कडक वाटतो, पण पटतो. नागिणीनंतरची आग, कंबरदुखी, संधिवात या सगळ्यांना "जुनाट वेदना" म्हणून एकत्र मोजण्यापेक्षा एकेका दुखण्याची वेगळी, लांब पल्ल्याची चाचणी व्हायला हवी, आणि आधीपासून गांजा ओढणाऱ्यांची नोंद त्यात निराळी ठेवायला हवी.