नावेचा पडदा, जमेचा पडदा

बँकेतल्या कारकुनाला इतिहास नसतो, फक्त सर्व्हिस रेकॉर्ड असते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. त्यात मी बी. कॉम. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पानिपताचे साल मला अजून आठवते, ते केवळ माझ्या सेव्हिंग्ज खात्याचे शेवटचे चार आकडे १७६१ आहेत म्हणून. (दर महिन्याच्या वीस तारखेनंतर त्या खात्यात जे काही उरते ते पाहता हा निव्वळ योगायोग नसावा.) अशा माणसावर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पडद्याचा इतिहास धुंडाळायची पाळी आली, ती एका निवृत्त मास्तरांमुळे.

२०१९ सालच्या जूनमधली गोष्ट. हल्ली चेक स्वतः बँकेत येत नाही, त्याचा फोटो येतो. ही पद्धत दिल्लीत २००८ साली सुरू झाली आणि मग यथावकाश आमच्यापर्यंत पोचली. पूर्वी चेक हातात धरायचा, नमुना सहीचे कार्ड शेजारी ठेवायचे, एकदा इकडे पाहायचे, एकदा तिकडे, की झाले. आता माझ्यासमोर पडदा एक आणि खिडक्या दोन. एका खिडकीत चेकचा फोटो, दुसरीत सहीचा नमुना. एक उघडली की दुसरी झाकते. म्हणजे चेकवरची सही डोळ्यांत भरून घ्यायची, आल्ट आणि टॅब दाबायचे, आणि डोळ्यांतली सांडायच्या आत ती नमुन्याशी ताडून पाहायची. पहिले पन्नास चेक हे जमते. पुढे पुढे माणसाला स्वतःची सही ओळखू येईल की नाही याची खात्री देता येत नाही.

त्या दिवशी मागच्या चेकचा नमुना खिडकीत तसाच राहिला, आणि मी मास्तरांची सही कुणा भलत्याच खातेदाराच्या सहीशी ताडून पाहिली. अर्थातच जुळली नाही. मी ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारला, साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून मान डोलावली (ही चूक त्यांनी पुन्हा कधी केली नाही), आणि चेक परत गेला. चेक होता नातवाच्या कॉलेजच्या फीचा.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. ओरडले असते तर बरे झाले असते. काउंटरशी उभे राहून त्यांनी खिशातले पेन काढले, एका पे-इन स्लिपच्या पाठीवर सही केली आणि ती माझ्यापुढे सरकवली.

“बघ बाबा. अडतीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर हीच केली. एकाही बापानं परत पाठवली नाही.”

फीची मुदत त्याच दिवशी चार वाजेपर्यंत होती. डिमांड ड्राफ्ट आणि साहेबांचे दिलगिरीचे पत्र घेऊन मी स्वतः रिक्षाने कॉलेजात गेलो. साडेतीनला पोचलो. तिथल्या कारकुनाने पत्र वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि “होतं असं” एवढेच म्हणून पावती फाडली. कारकुनाचे दुःख कारकूनच जाणे. पण चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो असतो तर, हा विचार त्या रात्री काही झोपू देईना.

माझे मागणे काय, तर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहता याव्यात! आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? अहो, आमचा सगळा धंदाच त्यावर उभा आहे. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा ग्रंथ छापला, त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत समजावून सांगितली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. उघडलेल्या वहीला दोन पाने असतात, या साध्या गोष्टीवर साऱ्या बी. कॉम. लोकांची पोटे चालली आहेत. नावे पाहायला जमेचे पान झाकावे लागले असते, तर पाचोलीबुवांनी ग्रंथ न लिहिता तपश्चर्याच चालू ठेवली असती.

आमचे एक निवृत्त हेडकॅशियर सांगत, की लेजरच्या काळात कारकुनाचे टेबल म्हणजे खळे असे. डावीकडे व्हाउचरांची चळत, समोर एक लेजर, उजवीकडे दुसरे, मध्ये चहाचा कप, आणि या सर्वांवर पसरलेले कोपर. मग रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आला आणि काउंटरामागे लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. यंत्र नोकऱ्या खाईल, अशी तेव्हा मोठी भीती होती. टेबल खाईल हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही. चार बाय अडीच फुटांचा कारभार एका फुटाच्या काचेत गेला.

मौजेची गोष्ट अशी, की दुसरा पडदा ही चैनीची आणि अलीकडची टूम आहे असे मी समजत होतो, आणि निघाली ती पहिल्या दिवसापासूनची. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला, तेव्हाच त्याच्यासाठी पडद्याची दोन वेगवेगळी कार्डे होती. एक मोनोक्रोम : काळ्यावर हिरवी अक्षरे, एका ओळीत ८०, अशा २५ ओळी, चित्र शून्य. अक्षर मात्र सुवाच्य, आणि त्याच कार्डाला प्रिंटर जोडायची सोय. म्हणजे खास हपिसी प्राणी. दुसरे रंगीत : चित्रे काढणारे, एका वेळी चार रंग दाखवणारे, आणि अक्षर असे की डॉक्टराने लिहिल्यासारखे.

या दोघांची मेमरी वेगवेगळ्या पत्त्यावर ठेवलेली होती. हिरव्याला ४ किलोबाइटची खोली, रंगीतला १६ किलोबाइटची. पत्ते निराळे असल्यामुळे टपालाची अदलाबदल होत नसे, आणि म्हणून दोन्ही कार्डे एकाच डब्यात सुखाने नांदत. दोन कार्डे, दोन पडदे. हुकूम मात्र एका वेळी एकावरच उमटे. ‘मोड’ नावाची आज्ञा देऊन यजमान बदलावा लागे. एकाच ताटात दोघांनी जेवायचे, पण घास पाळीपाळीने, असा प्रकार.

ही पाळी मोडली ती आमच्याच बिरादरीने. १९८३ च्या जानेवारीत लोटस वन-टू-थ्री हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला. दोन पडदे असतील तर तो हिरव्यावर आकड्यांचा तक्ता ठेवी आणि रंगीतवर त्याच आकड्यांचा आलेख काढी. इकडे आकडा बदलला की तिकडे आलेख. हे वाचले तेव्हा मला गहिवरून आले. दुसरा पडदा सिनेमासाठी वापरला गेला नाही, खेळासाठी नाही. हिशेबनिसासाठी वापरला गेला! प्रोग्रॅम लिहिणारी मंडळीही एका पडद्यावर प्रोग्रॅम चालवीत आणि दुसऱ्यावर त्याच्या चुका शोधीत. माझ्या साहेबांची माझ्याबाबत तीच पद्धत आहे, फक्त त्यांना पडदा लागत नाही.

पुढे १९८७ साली दोन गोष्टी घडल्या, एक वाईट आणि एक चांगली. वाईट अशी, की आयबीएमने व्हीजीए आणले. चित्र सुंदर झाले, पण सगळी व्हीजीए कार्डे एकाच ठरलेल्या पत्त्यावर हक्क सांगत. जुन्या हिरव्या कार्डाशी त्याचे जमे. पण दोन व्हीजीए एका यंत्रात घातली की एका खोलीच्या दोन भाडेकऱ्यांसारखी भांडत. चांगली गोष्ट त्याच वर्षी मार्चमध्ये ॲपलने केली. त्यांच्या मॅकिंटॉश टू या यंत्रात कार्डांसाठी सहा खाचा होत्या. जितकी पडद्याची कार्डे घालाल तितके पडदे जोडा; आणि ते सगळे मिळून एकच मोठे टेबल! उंदीर या पडद्यावरून निघाला की कडेवरून टुणकन त्या पडद्यावर. एक पडदा रंगीत आणि दुसरा काळा-पांढरा असला, तर दोहोंच्या मध्ये ठेवलेल्या खिडकीचा अर्धा भाग रंगीत आणि अर्धा सुतकात. शिवाय कुठला पडदा कुणाच्या डाव्या हाताला हे यंत्राला सांगायची सोय होती : पडद्यांची छोटी छोटी चित्रे दिसत, ती उंदराने धरून हवी तशी मांडायची. ही मांडणी लक्षात ठेवा, माझी फजिती तिथेच व्हायची आहे.

विंडोजला ही अक्कल यायला अकरा वर्षे लागली. विंडोज ९८ मध्ये एकदम नऊ पडद्यांपर्यंत सोय झाली. नऊच का? नवग्रह असावेत. नव्या धर्तीच्या कार्डांना व्हीजीएच्या ठरलेल्या पत्त्याबाहेर बिऱ्हाड करता येऊ लागले, म्हणून हे जमले. मग १९९९ साली मॅट्रॉक्स या कॅनडातल्या कंपनीने एकाच कार्डाला दोन तोंडे असलेले जी ४०० काढले, आणि दोन कार्डांची दगदगही गेली.

तरी घरोघरी दोन पडदे दिसत नव्हते, त्याला कारण वजन. तेव्हाचा पडदा म्हणजे काचेचा रांजण. सतरा इंची पडदा उचलायला शिपाईमामा आणि त्यांचा मेहुणा लागे. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावे लागे. आणि असे दोन अगदी चिकटून ठेवले, तर एकमेकांच्या चुंबकत्वाने दोघांचीही चित्रे थरथरत. चाळीत शेजारच्या घरात भांडण लागले की आपल्याकडच्या कपबश्या वाजतात, तसे. सपाट पडदे आले तेव्हा कुठे प्रश्न सुटला. २००९ साली एएमडीने एकाच कार्डावर तीन पडदे चालवून दाखवले आणि पुढच्याच वर्षी सहा. पण सहा सह्या एकदम ताडायच्या नसल्यामुळे मी तिकडे वळलो नाही.

मी वळलो आमच्या डेड स्टॉकच्या खोलीकडे. साहेबांना रीतसर अर्ज दिला होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “मास्तरांचं प्रकरण ताजं आहे तोवर घेऊन टाका. नंतर मंजूर व्हायचं नाही.” तिथे एक जुना चौकोनी सतरा इंची सपाट पडदा धूळ खात होता. तो पुसून टेबलावर आणला आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे डोके घातले.

कॉम्प्युटरची पाठ ही माणसाने एकदा तरी पाहावी अशी गोष्ट आहे. व्हीजीएचे भोक एकच : निळे, पंधरा टाचण्यांचे, तीन ओळींत, दोन्ही बाजूंना स्क्रू. त्यात माझा मूळचा पडदा. शेजारी डिस्प्लेपोर्टचे भोक रिकामे. माझा म्हातारा पडदा फक्त व्हीजीए बोलणारा. नवे तोंड आकड्यांत बोलते आणि जुन्याला विजेच्या लहरी कळतात, तेव्हा नुसती वायर चालत नाही. मध्ये दुभाष्या डबी लागते. ती मी पदरच्या पैशाने आणली. त्याचे बिल मंजूर झाले नाही, हे सांगायला नकोच.

जोडले. पडदा उजळला, आणि त्यावर हुबेहूब पहिल्याच पडद्याचे चित्र! मी बी. कॉम. असल्यामुळे कार्बन कॉपी ताबडतोब ओळखली. विंडोजची किल्ली आणि पी दाबले की यंत्र विचारते : एकच पडदा हवा, दोन्हींवर तेच हवे, की एकाचा दुसऱ्यात विस्तार हवा? ‘विस्तार’ केला. आता उंदीर पलीकडे जाईना. दुसरा पडदा मी डावीकडे ठेवला होता, आणि यंत्राच्या मते तो उजवीकडे होता. मी उंदीर डाव्या कडेवर आपटतोय, आणि तो काही केल्या सीमा ओलांडत नाही. उजवीकडे नेला की गडप, आणि डावीकडच्या पडद्याच्या पार डाव्या टोकाला प्रकट! अर्धा तास मी हा विटीदांडू खेळलो. मग मॅकिंटॉशची ती १९८७ ची मांडणी आठवली. सेटिंगमध्ये जाऊन दोन नंबरचा चौकोन एक नंबरच्या डावीकडे ओढून ठेवला, आणि उंदीर सुतासारखा सरळ झाला.

तिसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटर हरवला. उघडा आहे असे यंत्र सांगतेय, दिसत तर नाही. मी दुसरा पडदा बटणाने बंद केला होता. पण वायर जोडलेली असल्यामुळे यंत्राच्या हिशेबी तो जागाच होता, आणि कॅल्क्युलेटर त्या अंधारात एकटा बसला होता. विंडोजची किल्ली, शिफ्ट आणि बाण दाबून त्याला घरी आणला.

चौथ्या दिवशी साहेब धावत आले. डावीकडचा पडदा मी असा वळवला होता, की रांगेतल्या मंडळींना तो माझ्याहून स्पष्ट दिसे. एक आजी शेजारणीला सांगत होत्या, “अगं, त्या वकिलाच्या खात्यात बघ, वाटलं नव्हतं हो!” तेव्हापासून माझी खुर्ची भिंतीला पाठ लावून आहे.

ऑगस्टमध्ये मास्तर पासबुक भरायला आले. दोन पडदे पाहून म्हणाले, “हे काय, एकाने भागेना?” मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. उजव्या पडद्यावर त्यांच्याच त्या महिन्यातल्या चेकचा फोटो उघडला, डावीकडे त्यांच्याच सहीचा नमुना. शेजारी शेजारी. मास्तरांनी चष्मा पुसून दोन्हीकडे पाहिले, पेपर तपासताना पाहत असतील तसे.

“जुळतेय,” ते म्हणाले.

मला चेव चढला. म्हटले, “मास्तर, आणखी गंमत बघा,” आणि नमुन्याची खिडकी धरून डाव्या पडद्यावरून उजव्यावर ओढू लागलो. डावा पडदा जुना चौकोनी, उजवा नवा आडवा. दोघांची मापे निराळी, आणि त्यांच्या कडा मी एका रेषेत आणल्या नव्हत्या. सही बरोबर मध्ये आली. डावीकडचे आडनाव वर, उजवीकडचे आडनाव बोटभर खाली.

मास्तरांनी एकदा सहीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि खिशातले पेन काढले.

“आण ती स्लिप,” ते म्हणाले.