मेंदूंतील गांठ : चित्र आणि साक्ष

मनुष्याची कवटी ही चहूंकडून बंद असलेली पेटी होय. तिच्या आंत कांहीं वाढूं लागलें, म्हणजे डोकें दुखतें, ओकाऱ्या होतात, दृष्टि मंदावते, झटके येतात. परंतु आंत वाढत आहे तें काय, हें पेटी न उघडतां कसें कळावें, हा वैद्यकापुढील जुना प्रश्न आहे.

१८९५ सालीं रोंटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हां हाडें जिवंतपणीं पाहतां येऊं लागलीं. मेंदूच्या बाबतींत नेमकें हाडच आड आलें. कवटी स्वच्छ दिसे, आंतील मऊ मेंदू दिसत नसे. १९१८ सालीं अमेरिकेंत वॉल्टर डँडी यांनीं मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचीं चित्रें घेतलीं. १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ यांनीं मानेंतील धमनींत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांनीं दाखविल्या. दोन्ही प्रकार रुग्णास क्लेशदायक. आणि इतकें करूनहि गांठ स्वतः बहुधा दिसत नसे. पोकळी सरकली, वाहिनी वांकली, म्हणजे तेथें कांहीं तरी आहे असा तर्क करावयाचा. पावलांच्या ठशांवरून चोर आला होता एवढें कळावें, त्याचें नांव मात्र कळूं नये, तशांतला हा प्रकार.

नांव सांगणारा शास्त्रज्ञ निराळा. काढलेल्या गांठीची पातळ चकती रंगवून ती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ हा या कामांतला खरा साक्षीदार. बेली व कुशिंग यांनीं १९२६ सालीं मेंदूच्या गांठींचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, तें अशाच चकत्यांवरून. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं या शास्त्राचा भक्कम पाया घातला.

पाश्चात्यांच्या ग्रंथांत न सुटणारी एक अडचण मात्र मुंबईच्या वैद्यांपुढें नित्य उभी राही. मेंदूंतील क्षयग्रंथि युरोपांत दुर्मिळ होत गेली होती. आपल्याकडे ती वारंवार आढळे. ती आणि मेंदूचा अर्बुद म्हणजे ग्लायोमा, दोहोंचीं लक्षणें पुष्कळदां सारखींच. फळ मात्र अगदीं भिन्न! स्ट्रेप्टोमायसिन १९४४ सालीं जगापुढें आलें व आयसोनियाझिड १९५२ पासून वापरांत आलें. तेव्हांपासून क्षयग्रंथि औषधांनीं विरघळण्याची आशा निर्माण झाली. ग्लायोमास त्या औषधांचें कांहींच सोयरसुतक नाहीं. एकीस दुसरी समजून बसल्यास एका रुग्णाची कवटी विनाकारण उघडली जाते, तर दुसऱ्याच्या आयुष्यांतले मोलाचे महिने भलत्याच गोळ्या घेण्यांत जातात. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. होमी दस्तूर व डॉ. ए. डी. देसाई यांनीं क्षयग्रंथीचे १०७ आणि ग्लायोमाचे तितकेच रुग्ण समोरासमोर ठेवून केलेला अभ्यास १९६५ सालीं ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकांत आला. त्याचें महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानांत येतें.

पुढें १९७१ च्या ऑक्टोबरांत लंडननजीक विंबल्डन येथें हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका स्त्रीच्या मेंदूचें चित्र निघालें, तें ८० × ८० चौकोनांचें, ओबडधोबड. पण त्यांत गांठ प्रत्यक्ष दिसली. शस्त्रवैद्यानें कवटी उघडली, तों ती चित्रांत होती तशीच निघाली. सीटी स्कॅनच्या इतिहासाचा आरंभच मुळीं चित्र आणि मांस यांच्या मेळानें झाला. त्यामुळें आतां कवटी उघडण्याचें कारणच उरणार नाहीं, असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

नवल वाटावें असें घडलें तें भारतांत. झटके येणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्यें लहानसें वर्तुळ किंवा टिकली उजळून दिसे. १९८७ सालीं पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. आपल्या देशांत क्षय फार, म्हणून या टिकल्यांस क्षयग्रंथि समजण्याचा कल असे, व लांबलचक औषधयोजना सुरू होई. वेल्लोर येथील डॉ. मॅथ्यू चांडी व डॉ. वेदांतम् राजशेखर यांनीं अशा लहान गांठी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. त्यांत बहुतेक ठिकाणीं क्षय नव्हता. पट्टकृमीची मरूं घातलेली अळी होती! त्यांतल्या पुष्कळ गांठी तर आपोआपच नाहींशा होतात. नुसत्या चित्रावर विसंबण्याची किंमत किती, हें या संशोधनानें उघड केलें. शिवाय चित्र कसें वाचावें हेंहि त्यानेंच शिकविलें : दोन सेंटिमीटरांहून लहान व गुळगुळीत कडेची गांठ बहुधा कृमीची, मोठी व वेडीवांकडी असल्यास क्षयाचा संशय अधिक.

साक्षीदारहि सर्वज्ञ नव्हे, हें येथेंच सांगावयास हवें. ग्लायोमा एकाच गांठींत कोठें सौम्य, कोठें उग्र असतो. सुईनें काढलेला कण सौम्य भागांतला निघाला, तर अहवालहि सौम्य येतो. त्या वेळीं एमआरआयमध्यें गांठीचा जो भाग उजळ दिसतो, तोच विकृतिशास्त्रज्ञास सावध करतो. किरणोपचारानंतर उलट फसगत होते : चित्रांत गांठ पुन्हा वाढल्यासारखी दिसते, आणि तुकडा काढावा तों केवळ मृत मांस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणांत तर कित्येक गांठींचें नांव पेशींच्या गुणसूत्रांतील व जनुकांतील बदल तपासल्यावांचून ठरतच नाहीं. म्हणून मोठ्या रुग्णालयांत चित्र वाचणारा, चकती पाहणारा व शस्त्र चालविणारा असे तिघे एका मेजाभोवतीं बसतात; चित्र आणि चकती यांचा मेळ बसला नाहीं, तर जुन्या चकत्या पुन्हा तपासतात, आणि प्रसंगीं दुसरा तुकडा काढावयाचें ठरवितात.