सेवाग्रामची गानसभा

“सेवाग्रामला कधी जलसे होत काय?” असे गाण्याच्या एखाद्या शौकिनाला विचारले तर तो बहुधा हसेल. जेथे जेवणात मसाला नाही तेथे गाण्यात तरी तो कोठून येणार, असेही वर म्हणेल. दरबार नाही, नाटकगृह नाही, तिकीट नाही, अत्तर-गुलाब नाही. मग मैफल ती कसली? प्रश्न खोटा नाही. तथापि वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने ऐकलेल्या गाण्याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला तर त्याला सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीला वळसा घालून पुढे जाता येणार नाही, असे माझे मत आहे. ते आज आपल्यापुढे मांडतो.

गेली पन्नासएक वर्षे मी गाणे ऐकत आलो. वर्ध्याच्या माणसाला मोठा गवई ऐकायचा म्हणजे नागपूर गाठावे लागे. संध्याकाळच्या गाडीने जायचे, रात्रभर मांडवात सतरंजीवर बसायचे आणि पहाटेच्या गाडीने डोळे चोळीत परतायचे. कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांना समोर बसून ऐकण्याचे भाग्य आमच्या पिढीला लाभले. त्या रात्रींतल्या चिजा पुष्कळशा विसरलो. ध्यानात राहिले ते सभेचे वागणे. तंबोरे जुळेपर्यंत गप्प बसलेला मांडव, समेवर एकदम हललेल्या शेकडो माना, शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी न बोलता पुढे केलेली सुपारीची डबी. गवयांच्या आठवणी सगळेच सांगतात. श्रोत्यांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, आणि मला वाटते गाण्याचा निम्मा इतिहास तेथेच आहे.

कारण श्रोता ही काही अनादि वस्तू नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रागदारी गाणे ऐके तो संस्थानिक, सरदार किंवा सावकार. त्याच्या पदरी गवई असे, आणि त्याने बोलाविले तेच लोक बैठकीला बसत. सामान्य माणसाच्या वाट्याला कीर्तन, भजन, गोंधळ आणि तमाशा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पैसे टाकून पद ऐकण्याची चटक शहरवासीयांना लागली. परंतु नुसत्या गाण्यासाठी तिकीट काढावे, आणि ते काढणाऱ्याने आपण कोणाचे आश्रित नाही या ऐटीत खुर्चीवर बसावे, ही रीत पाडण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. ते म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

बुवा १८७२ साली कुरुंदवाडास जन्मले. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकू लागले. मिरजेतल्या एका समारंभाला गावच्या सर्व प्रतिष्ठितांना आमंत्रण गेले, पण आपल्या गुरूंना, ते ‘गवई’ म्हणून, गेले नाही, हे त्यांच्या मनाला लागले असे सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ही शाळा राजाच्या तनख्यावर उभी नव्हती; लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ती चाले. १९०८ मध्ये तिची शाखा मुंबईस आली. आज आपण निर्धास्तपणे तिकीट काढून गाण्याला जातो, त्यामागे मिरजेतला तो न आलेला निमंत्रणाचा कागद आहे.

आता येथून सेवाग्रामला कसे यायचे? वाट सरळ आहे, आणि ती बुवांच्याच शिष्याने बांधली आहे. साबरमतीच्या आश्रमासाठी गांधीजींनी संगीत-शिक्षक मागितला तेव्हा बुवांनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठविले. १९१८ पासून खरे आश्रमवासी झाले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला, निरनिराळ्या प्रांतांतली भजने जमवून ‘आश्रम-भजनावली’ तयार केली. आपल्यापैकी पुष्कळांनी ते लहानसे पुस्तक पाहिले असेल. त्यात भजनांवर राग आणि ताल छापलेले आहेत. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. भजन म्हणजे कसेही म्हटले तरी चालते, भाव असला म्हणजे झाले, हा जो आळशीपणा आपल्याकडे आहे, तो खऱ्यांना मान्य नव्हता. १९३० च्या दांडीयात्रेत ते वाद्य घेऊन चालले. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या सुमारास तेथेच त्यांचा अंत झाला. ते सेवाग्रामवासी नव्हते, त्यांची कर्मभूमी गुजरात. पण त्यांनी घालून दिलेली रीत सेवाग्रामला आली.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. पोस्टात शेगावच्या नावाचा घोळ होई म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदि निवासाजवळची उघडी जागा ही तेथली सभा. छप्पर आकाशाचे, बैठक जमिनीची. या प्रार्थनेचा मजकूर एका दिवसात ठरलेला नाही, तो थरांनी साचत गेला. गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक जुने. बौद्ध मंत्र जपानी भिक्षूंकडून आला. कुराणातली प्रार्थना रेहाना तय्यबजींमुळे आली, पारशी प्रार्थना डॉ. गिल्डर यांच्याकडून. मग भजन, आणि शेवटी रामधून. एखाद्या जुन्या घराण्याची चीज पिढ्यानुपिढ्या जशी भरत जाते तशीच ही रचना भरत गेली. फरक इतकाच की येथे भर घालणारे निरनिराळ्या धर्मांचे होते आणि त्यांपैकी बहुतेकांना कोणी गवई म्हणणार नाही.

रामधुनीबद्दल थोडे थांबून बोलतो, कारण श्रोता आणि गायक यांचे नाते तेथे उलटे होते. मैफलीत टाळी पडते ती गाणे संपल्यावर, आणि ती गवयाला असते. रामधुनीत टाळी पडते ती गाण्याच्या आत, आणि ती तालाला असते. सर्वांनी म्हणावे आणि सर्वांनी तालात टाळी द्यावी असा गांधीजींचा आग्रह असे. हजारो लोकांची टाळी एका लयीत पडणे ही काय चीज आहे, हे कोणत्याही तबलजीला विचारा. जमाव म्हटला की लय चढत जाते, टाळ्या विखुरतात. ती आवरून धरणे ही शिस्त आहे, आणि तिची तालीम घेतल्याशिवाय ती येत नाही.

याच १९३६ सालात सेवाग्रामला एक निराळाच गाणारा येऊन राहिला. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे आपले तुकडोजी महाराज. वय सत्तावीस. महिनाभर ते गांधीजींच्या सहवासात होते. हातात खंजिरी, वऱ्हाडातल्या कोणत्याही भजनी मंडळात दिसते तीच, चामडे मढविलेले लहानसे कडे आणि त्यात खुळखुळणाऱ्या चकत्या. गांधीजींच्या मौनाच्या दिवशी त्यांचे भजन झाले, आणि गांधीजींनी मौन सोडून आणखी एक म्हणावयास सांगितले, अशी आठवण आपल्याकडे सांगितली जाते. ती अक्षरशः घ्यावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. ‘वन्स मोअर’ मिळविणारा गवई आपण पुष्कळ पाहिला आहे. पण अशा श्रोत्याकडून तो मिळविणे ही बिदागी निराळी! खरी गोष्ट पुढेच आहे. १९४२ मध्ये याच खंजिरीमुळे महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात जावे लागले. ज्या गाण्याची सरकारला भीती वाटते त्याला ‘हे काही गाणे नव्हे’ म्हणण्याआधी रसिकांनी जरा विचार करावा.

तो आक्षेप आहे, आणि तो घेणारे मूर्ख नाहीत. आलापीला जागा नाही, बोलतान नाही, राग नुसता उंबरठ्यावर उभा राहतो आणि आत येत नाही. हे सर्व मला कबूल आहे. सेवाग्रामची प्रार्थना ऐकून मारवा कळणार नाही. त्यासाठी मैफलच हवी. मात्र मैफलीच्या मांडवात शेगावचा शेतमजूर कधी बसला नव्हता. बुवांनी गाणे दरबारातून तिकिटापर्यंत आणले, तिकिटापासून जमिनीपर्यंत ते खऱ्यांनी आणि तुकडोजींनी आणले. वाटेत काही सांडले, हे खरे. पण ते पोचले. आणि उलट दिशेनेही काही गेले. विष्णुबुवांचे चिरंजीव द. वि. पलुसकर मैफलीच्या अखेरीस भजन म्हणत, आणि लोक त्याची वाट पाहत बसत. १९५५ मध्ये ते ऐन उमेदीत गेले. पुढे भीमसेन जोशींनी अभंगवाणीने सभागृहे भरून काढली. प्रार्थनाभूमी आणि मैफल यांच्यात जी भिंत आपण उभी करतो ती गवयांनी फारशी मानलेली नाही.

एक गोष्ट राहिली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर रंगणाऱ्या बैठकाही त्यामुळे थांबल्या. नियम रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ललत, जोगिया, भैरव हे राग त्यांच्या घटकेला, उघड्या आकाशाखाली ऐकण्याची सोय आपल्या पिढीच्या हातून गेली. आता ते दुपारी वातानुकूलित सभागृहात, पडदे ओढून गातात. गवई तोच असतो, सूरही तोच. पहाट तेवढी नसते.

सेवाग्रामची पहाटेची प्रार्थना मात्र अजून सूर्योदयाआधीच होते. कधी पाहुण्यांची गर्दी असते, कधी मोजून सात-आठ माणसे. एखाद्याचा आवाज फाटतो, कोणी पट्टी फार वर धरतो. तरी टाळी बहुधा चुकत नाही. वर्ध्यापासून अंतर आठ किलोमीटर. त्या वेळी रिक्षा मिळण्याचा भरवसा नाही, तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला जावे हे बरे.