‘सलून’ : शब्दाची व्युत्पत्ती, अर्थांतरे आणि प्रवेशाचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठीत ‘सलून’ म्हटले की केशकर्तनालय डोळ्यांसमोर येते. मुळात मात्र हा शब्द दालनाचा वाचक होता. दालन म्हटले की तेथे कोणाला प्रवेश आहे हा प्रश्न येतोच. या प्रश्नाच्या आधारे ‘सलून’ शब्दाच्या अर्थांतरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्युत्पत्ती :
इटालियन भाषेत ‘साला’ म्हणजे दालन व ‘सालोने’ म्हणजे मोठे दालन. त्यावरून सतराव्या शतकात फ्रेंचमध्ये ‘सालों’ हा शब्द आला. अठराव्या शतकात इंग्रजीने तो ‘सलून’ असा स्वीकारला. मराठीतील दीर्घ ‘लू’ हा या इंग्रजी उच्चाराचाच वारसा होय.

पॅरिसमधील सालों :
मार्किझ द रांबुये (१५८८-१६६५) यांच्या पॅरिसमधील वाड्यातील ‘निळ्या दालनात’ साहित्यिक व सरदार एकत्र जमत. या बैठकांना त्या काळी ‘सालों’ म्हणत नसत. ते नाव पुढे रूढ झाले. अठराव्या शतकात मादाम जोफ्रँ सोमवारी कलावंतांना, तर बुधवारी साहित्यिकांना निमंत्रित करीत. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीत पहिली स्त्री सदस्य १९८० साली निवडली गेली, हे लक्षात घेता या दालनांचे महत्त्व स्पष्ट होते. विद्वत्तेच्या अधिकृत संस्थांत स्थान नसलेल्या स्त्रिया येथे चर्चेच्या सूत्रधार होत्या. तथापि, प्रवेश निमंत्रितांपुरताच होता.

१७२५ पासून लूव्र राजवाड्यातील ‘सालों कारे’ या दालनात राजकीय अकादमीची चित्रप्रदर्शने भरू लागली व दालनाचे नाव प्रदर्शनाला मिळाले. प्रेक्षकांना दार खुले झाले, परंतु चित्रांची निवड परीक्षकांच्या हाती राहिली. १८६३ साली नाकारलेल्या चित्रांसाठी तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने स्वतंत्र प्रदर्शन भरवावे लागले.

महाराष्ट्रातील सलून :
इंग्रजीत हा शब्द जहाजातील दालन, रेल्वेचा खास डबा, अमेरिकेतील मद्यगृह व केशकर्तनाचे दुकान अशा अर्थांनी रुळला. त्यांपैकी शेवटचा अर्थ मराठीत दृढ झाला. बलुतेदारीत न्हावी धान्याच्या मोबदल्यात गावकऱ्यांची सेवा करी. अस्पृश्य मानलेल्या जातींना मात्र ही सेवा नाकारली जाई. शहरी सलूनमध्ये धान्याच्या जागी रोख पैसा आला, तरी केवळ पैशाने जातीचा अडसर दूर होणे शक्य नव्हते. त्यासाठी कायद्याची गरज होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘दुकान’ या शब्दात सेवा देणाऱ्या प्रत्येकाचा समावेश होतो, असे स्पष्ट केले. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकानांतील प्रवेशाबाबत जातिभेदास मनाई केली, तर १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला.

निष्कर्ष :
निमंत्रितांच्या दालनापासून कायद्याने सर्वांसाठी खुल्या केलेल्या दुकानापर्यंत ‘सलून’ शब्दाचा प्रवास झाला आहे. पॅरिसमध्ये दार उघडणे यजमानाच्या मर्जीवर होते. महाराष्ट्रातील सलूनमध्ये प्रवेश हा नागरिकाचा हक्क ठरला. म्हणूनच या शब्दाचा इतिहास केवळ भाषेचा नसून सामाजिक समतेचाही आहे.