नियम जुने, चित्रे नवी : गंजिफाची गोष्ट

१/ मित्रांसाठी पत्त्यांचा नवा खेळ रचायचा म्हटले की आपण आधी नवे नियम शोधू लागतो. हिंदुस्थानात काही शतके याच्या उलट घडत आले. नियमांचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला, चित्रे बदलली आणि त्यातून नवे खेळ उभे राहिले. गंजिफाची ही कथा.

२/ १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते धाडले. शाह हसनला या खेळाची फार आवड होती आणि त्याने ते मागवले होते. बाबरनाम्यात ही नोंद आहे. पुढे मोगलांच्या आश्रयाने हा खेळ दूरवर रुजला.

३/ मोगल गंजिफात ताज, शमशेर, गुलाम असे आठ गट असतात. प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एक ते दहा अंकांचे दहा पत्ते, एकूण ९६. हुकूम नाही. निम्म्या गटांत अंकांमध्ये दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का. त्यामुळे गेलेले पत्ते लक्षात ठेवणाराच बाजी मारतो.

४/ या रचनेतली गंमत १२ या संख्येत आहे. गंजिफा सहसा तिघे खेळतात आणि १२ला तीनने नि:शेष भाग जातो. म्हणून गट कितीही वाढवा वा घटवा, वाटणी समानच होते. आपल्या ५२ पत्त्यांच्या कॅटला ही सोय नाही. नवे गट जोडणे सोपे होते ते यामुळेच.

५/ अकबराने ही लवचिकता ओळखली असावी. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजल १२ गटांच्या, म्हणजे १४४ पत्त्यांच्या जुन्या खेळाचे वर्णन करतो आणि अकबराने केलेले बदलही नोंदवतो. धनाच्या गटात जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा अशी माणसे आली. अंकांच्या जागी बादशाही कारखाना पत्त्यांवर अवतरला!

६/ दशावतारी गंजिफात हाच साचा दहा अवतारांनी भरला. मत्स्याच्या गटात मासे, कूर्माच्या गटात कासवे, परशुरामाच्या गटात परशू. दहा गुणिले बारा, म्हणजे १२० पत्ते. तिघांना प्रत्येकी ४०. राजाच्या जागी अवतार, वजिराच्या जागी प्रधान.

७/ एक नियम पाहा. मोगल खेळात दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा गट डाव उघडतो आणि रात्री सफेद, म्हणजे चांदीच्या नाण्याचा. दशावतारीत दिवसा राम, रात्री कृष्ण. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. ही अदलाबदल मला योगायोग वाटत नाही. कुणीतरी जुना नियम समजून घेऊन त्याला नवा अर्थ दिला.

८/ महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीच्या चितारींनी जपली. गोल पत्ते, चिंचोक्याची खळ, लाखेची चकाकी. छापील ५२ पत्ते स्वस्त झाले तसा गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच या कलेला पुन्हा आसरा दिला.

९/ कला वाचली, खेळ मात्र पुरता परतला नाही. आज हे पत्ते भेटवस्तू म्हणून घेतले जातात, भिंतीवर लावले जातात. ते पिसून वाटणारे हात फार थोडे. काचेमागच्या गंजिफातून त्याची चित्रे समजतात. त्यातली स्मरणशक्तीची झुंज खेळल्यावाचून समजत नाही.

१०/ ती समजून घ्यायला राजवाडा लागत नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या ४८ चकत्या कापा. चार गट, प्रत्येकी १२ पत्ते, तिघांना १६-१६. दोन गटांत दश्शी मोठी, दोन गटांत एक्का. गट तुमचे: किल्ले, नद्या, लोकलची स्थानके, काहीही. दिवसा कोणता गट डाव उघडणार आणि रात्री कोणता, एवढे आधी ठरवा. तुमचे चार गट कोणते, ते खाली लिहा.