स्फिंक्सची कुळी

ओपन सोर्स प्रकल्पात डॉक्युमेंटेशनसाठी कोणतं टूल घ्यावं, यावर वाद घालायला माणसं हवी तेवढी मिळतात; बदल करायला बसणारा एखादाच. पायथॉनला तो मिळायला अठरा वर्षं लागली.

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत पायथॉनला हात घातला, तेव्हा मॅन्युअल छापून घेऊन वाचायची रीत होती. देखण्या छपाईत लाटेख या मजकूर-मांडणीच्या प्रणालीचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून डॉक्स लाटेखमध्ये झाली. पुढे वेब आलं आणि लोक तीच पानं ब्राउझरमध्ये वाचू लागले. लाटेखचं एचटीएमएल करणं मोठं किचकट. ते काम लाटेखटूएचटीएमएल नावाचा प्रोग्रॅम करायचा आणि तो होता पर्लमध्ये लिहिलेला! पायथॉनच्या सोर्समध्ये डॉक्सच्या फोल्डरात चक्क ‘पर्ल’ नावाचं फोल्डर होतं. दोन्ही भाषांच्या भक्तांचं विळ्याभोपळ्याचं सख्य ठाऊक असलेल्यांना यातली गंमत कळेल. हा गाडा फ्रेड ड्रेक वर्षानुवर्षं ओढत राहिले. एसजीएमएल घ्या, नंतर एक्सएमएल घ्या, अशा सूचना अधूनमधून यायच्या. पण एवढा ढीग नव्याने उतरवायचा कोणी, इथे घोडं अडायचं.

या कुळीची दुसरी शाखा अगदी वेगळ्या घरातली. टिडबिट्स हे मॅकिंटॉशवाल्यांचं साप्ताहिक १९९२मध्ये हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर सोडून साध्या मजकुरावर आलं. त्यासाठी इयान फेल्डमन यांची सेटेक्स्ट ही पद्धत वापरली गेली. शीर्षक लिहायचं आणि त्याखाली बरोबरच्या चिन्हांची ओळ ओढायची. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी वाचणाऱ्याला शीर्षक कोणतं ते कळतं. याच वळणावर झोप या वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या जिम फुल्टन यांनी स्ट्रक्चर्डटेक्स्ट केलं. ते मात्र रचना ओळखायचं समासावरून. ओळ आत सरकली की अर्थही सरकला. डेव्हिड गुडजर यांनी त्यातल्या त्रुटी दूर करून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट घडवलं आणि २००२मध्ये पीईपी २८७ या प्रस्तावातून ते पायथॉनपुढे मांडलं, तेही मुख्यतः कोडमध्येच लिहिल्या जाणाऱ्या डॉकस्ट्रिंग या टिपणांसाठी.

२००७मध्ये गेओर्ग ब्रांडल यांनी चर्चेच्या फंदात न पडता जुन्या लाटेख फायली रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये उतरवणारा प्रोग्रॅमच लिहिला. सोबत पानं बांधणारं यंत्रही तयार केलं, ते स्फिंक्स. मार्कडाउन २००४पासून होतं, शिकायला सोपंही होतं. पण एखाद्या फंक्शनचं नाव आलं की त्याच्या पानाचा दुवा आपसूक जोडणं, सूची बनवणं, शेकडो पानांची एक अनुक्रमणिका बांधणं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं. स्फिंक्स ते करतं; माझ्या मते त्याची खरी कमाई हीच. बाकी चिन्हांवरून भांडणं म्हणजे चवीचा प्रश्न. आणि छापील प्रत हवी असेल तर स्फिंक्स आजही लाटेख बनवून देतं.

ऑक्टोबर २००८मध्ये पायथॉन २.६ नव्या डॉक्ससह आलं. त्याच सुमारास जँगो या वेब फ्रेमवर्कनेही स्फिंक्स घेतलं. २०१०मध्ये जँगो डॅश या अठ्ठेचाळीस तासांच्या स्पर्धेत ‘रीड द डॉक्स’ हे संकेतस्थळ उभं राहिलं आणि डॉक्स बांधून वेबवर चढवण्याची कटकटही संपली. २०१६मध्ये लिनक्स कर्नेलने डॉकबुकची एक्सएमएल सोडायला सुरुवात केली आणि ४.८ आवृत्तीपासून स्फिंक्स धरलं. कोडमधल्या टिपणांतून मजकूर वेचणारी आपली जुनी कर्नेल-डॉक स्क्रिप्ट मात्र त्यांनी तेव्हा तशीच ठेवली. ती पर्लमध्ये होती.