ताट भरलेलं, तरी रक्त कमी का? खान्देशातल्या घरांसाठी पोषणाची तोंडओळख

माणसाच्या शरीराला अन्नातून तीन गोष्टी लागतात. काम करायला ऊर्जा, वाढीला आणि झीज भरून काढायला बांधणीचा माल, आणि हा सगळा कारभार सुरळीत चालावा म्हणून थोड्या थोड्या मात्रेत जीवनसत्त्वं व क्षार. ऊर्जा मुख्यतः धान्य, साखर आणि तेल-तुपातून मिळते. बांधणीचा माल म्हणजे प्रथिनं; ती डाळी, दूध, अंडी, मांस-मासळीतून येतात. जीवनसत्त्वं आणि क्षार भाजीपाला, फळं, दूध, अंडी, कलेजी अशा पदार्थांत जास्त असतात. १ ग्रॅम कर्बोदक किंवा प्रथिन सुमारे ४ किलोकॅलरी देतं, तर १ ग्रॅम तेल ९. एवढं शाळेच्या विज्ञानात येतंच. पण जळगाव-धुळ्याच्या आपल्या घरांत पहिली गोष्ट भरपूर असते, आणि बाकीच्या दोन घरातल्या बायका-मुलींचा नंबर लागेपर्यंत बहुतेक संपलेल्या असतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली, गरोदर स्त्रीत ११ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन फुफ्फुसातला ऑक्सिजन सगळ्या शरीरात पोहोचवतं आणि ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं की दम लागतो, चक्कर येते, केस गळतात, डोकं जड राहतं. आम्ही शिक्षक मंडळी हे वर्गात रोज बघतो. सकाळच्या प्रार्थनेला उभी असलेली मुलगी मटकन खाली बसते, तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकते. घरी तिला 'आळशी' म्हणतात. तिला आळस नसतो, तिच्या रक्तात लोह नसतं.

आता आपल्या ताटाकडे बघू. खान्देशचं जुनं जेवण खरं तर फार शहाणं आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद घालून दळलेलं हे पीठ. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांपैकी लायसिन ज्वारीत कमी असतं, ते उडदात असतं. उडदात जे कमी असतं ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्ले की प्रथिनाचा दर्जा वाढतो. आपला मोहरमचा खिचडा, लग्नातला दालचा-चावल यांतही हेच गणित आहे : धान्य, डाळ आणि थोडं मांस. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात १ सुद्धा नसतं. मग भाकरी 'गरिबांची' आणि चावल 'मेहमानांचे' हा हिशेब कुणी ठरवला, कोण जाणे.

प्रथिनांचं मोजमाप सोपं आहे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ४२ ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, अर्धी वाटी कच्च्या डाळीत १५ ते २०. रोज मटण परवडायलाच हवं असं अजिबात नाही.

लोहाची गोष्ट मात्र वेगळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, स्त्रीला २९, आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला ३२. म्हणजे घरातल्या मुलीला अब्बांपेक्षा दीडपटीहून जास्त. आणि दस्तरखानावर काय होतं? बोट्या आधी पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात जातात, मग शेवटी अम्मी आणि मुली सालनच्या रश्शात भाकरी बुडवून उठतात. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, डाळ-भाजीतलं फार थोडं घेतं. ज्यांना जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला कमी लागू पडणारं लोह येतं. पैसा वाढवायची गरज नाही, वाढण्याचा क्रम बदलला तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरा चोर म्हणजे चहा. जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या कडक चहा घेतला, तर भाजी-भाकरीतलं लोह निम्म्याहून अधिक वाया जाऊ शकतं. इफ्तारनंतर, दुपारी जेवल्यावर, सकाळी खारी-टोस्टसोबत, आपल्याकडे चहाला वेळच नाही! चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, ते कुणी ऐकणारही नाही. जेवण आणि चहा यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. डाळीवर लिंबू पिळणं, मेथीच्या भाजीसोबत कच्चा टमाटा खाणं, इतकं साधं आहे ते. कोंबडीची कलेजी मटणापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते आणि लोहाने भरलेली असते. आठवड्यातून एकदा मुलींना जरूर द्या. गरोदर बाईने मात्र कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं.

केळी खाऊन रक्त वाढतं, असं रावेर-यावलकडे ठामपणे सांगतात. आपल्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान आम्हालाही आहे. केळं ऊर्जा देतं, पोटॅशियम देतं, रोज्यात फार कामाचं फळ आहे. पण लोह त्यात नावापुरतंच. बीटाचंही तेच, रंग लाल असला म्हणून त्याने रक्त होत नाही. खजुरात थोडं लोह आहे, तरी दोन-तीन खजुरांवर भागत नाही.

बाकीचं थोडक्यात. भजी-समोसे तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचा, आणि तेही आयोडीनयुक्त. लोणचं, पापड, शेवभाजीवरची शेव यांतलं मीठसुद्धा त्यातच धरायचं. ड जीवनसत्त्व अन्नातून फारसं मिळत नाही, ते उन्हातून त्वचेत तयार होतं. घरात राहणाऱ्या बायकांनी गच्चीवर किंवा अंगणात हातापायांवर थोडा वेळ ऊन घ्यावं. वैशाखातलं भर दुपारचं ४५ अंशांचं ऊन नव्हे, एवढं सांगायला नको.

शाळेतलं शिजवलेलं जेवण आठवीपर्यंतच मिळतं. पहिली ते पाचवीला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. नववीपासून, जेव्हा मुलीची गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हा डब्यावरच सगळं असतं. त्या डब्यात वेफर्सचं पाकीट असू नये.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. या गोळीबद्दल मोहल्ल्यात बरीच कुजबुज चालते, ती मूल न होण्यासाठी आहे वगैरे. तसं काही नाही. हेच लोह आणि फॉलिक ॲसिड गरोदर बायकांना बाळ नीट वाढावं म्हणून रोज दिलं जातं. गोळीने शी काळी होते, कधी मळमळतं. उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. जंताची गोळीही टाळू नका, कारण काही जंत आतड्यातून रक्त शोषतात.

एक मात्र लक्षात ठेवायचं. प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. बी-१२ कमी असलं तरी होतो, थॅलेसेमियाने होतो, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. दोन-तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर मनाने डोस वाढवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलमध्ये जाऊन पुढची तपासणी मागा, आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.